बिनकापसाची माणसं

नरहरराव ग्रेडरांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझा शर्ट चिमटीत धरल्यामुळे. जिंतूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला म्हणून मी नुकताच आलो होतो. भाड्याच्या दोन खोल्यांत सामान लावत असताना भिंतीपलीकडचे शेजारी दारात येऊन उभे राहिले. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या बाहीचं कापड अंगठा आणि तर्जनीत धरून किंचित चोळलं, उजेडाकडे ओढलं, त्याबरोबर मीही ओढला गेलो, आणि मग ते म्हणाले, "फेअर."

मी खूश होऊन आभार मानले. फेअर हा सगळ्यात खालचा दर्जा असतो हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

नरहरराव सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. हंगामात केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागे. नरहरराव प्रत्येक गाडीशी जात, कोपरापर्यंत हात आत घालत, तळातला मूठभर कापूस बाहेर काढून उजेडात धरत आणि एक शब्द बोलत. वरचा दर्जा सुपर, मधला एफ. ए. क्यू. आणि खालचा फेअर. त्या एका शब्दावर समोरच्या घराचं वर्ष ठरायचं. आधी एका व्यापाऱ्याकडे आणि मग अठरा हंगाम इथं हेच करून त्यांची बोटं अशी झाली होती की हंगाम संपला तरी थांबत नसत. हॉटेलातले पोहे, शाळेचा निकाल, नव्या तहसीलदारांचं भाषण, सगळं ते चिमटीत धरून बघत. भाषणात शब्द फार झाले की म्हणत, "पत्ती लय हाय." पत्ती म्हणजे कापसात राहिलेला पाल्याचा कचरा. सुपर हा शब्द मात्र मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. एकदा विचारलं, तर म्हणाले, "यादीत हाय तो दर्जा. असू द्या."

त्यांच्या पत्नी सुमनवहिनी हे सगळं जवळून भोगत होत्या. "सर, आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती अन् ह्यांनी अंतरपाट चिमटीत धरला," त्या मला सांगत. "भटजी म्हणायलेत, सोडा सोडा. हे म्हणायलेत, थांबा जरा."

"खादी म्हणून दिला होता," नरहरराव आतून ओरडत. "खादी न्हवती ती."

"अन् माझी पुरणपोळी एफ. ए. क्यू. बावीस साल झाले. एक तरी घास कमी खाल्ला का, विचारा की."

"मधला दर्जा खायला चांगलाच असतो," आतून उत्तर येई.

आता त्यांच्या दुसऱ्या खोडीबद्दल. ज्याच्या घरी कापूस पिकतो त्याच्याकडून नरहरराव काहीही घेत नसत. चहा नाही, विडा नाही, सायकलवर मागे बसणं नाही, सावलीत उभं राहणंसुद्धा नाही. "आज चहा पाजतो, उद्या त्याची गाडी माझ्यासमोर उभी. मग माझा हात जड होतो," असं त्यांचं म्हणणं. तत्त्व म्हणून हे उत्तमच होतं. अडचण एवढीच की हा कापसाचा मुलूख. जिंतुरात कापूस नाही असा माणूस शोधायचा म्हणजे दिवसा कंदील घेऊन निघावं लागेल. न्हाव्याच्या मेव्हण्याचा चारठाण्याला कापूस होता, म्हणून नरहरराव दोन आरसे समोरासमोर ठेवून स्वतःचे केस स्वतः कापत. पुढून माणूस ठीक दिसे. मागून वेचणी झालेल्या शेतासारखा दिसे. डॉक्टरांची जमीन होती, म्हणून ताप आला की हे एसटीनं परभणीला जात आणि पोचेपर्यंत ताप उतरलेला असे. मारुतीच्या देवळातही जात नसत. रस्त्यावर चपला काढून तिथूनच हात जोडत.

"मारुतीशी काय वाकडं?" मी विचारलं.

"देवाला आठ एकर इनाम हाय, सर. कोरडवाहू."

"मग?"

"मग काय? कापूस हाय. देवाबद्दल शंका न्हाई. पर पुजारी परसाद देतो, अन् परसादामागून गाडी येती."

लग्नाच्या पंगतीला ते जात नसत. वहिनी एकट्या जात. हळूहळू पत्रिकांवर फक्त वहिनींचं नाव येऊ लागलं. गाव म्हणे, ग्रेडरला गर्व झालाय. मी हसत असे. माझ्याशी मात्र ते मोकळेपणानं बोलत, आणि हा माझ्या विद्वत्तेचा परिणाम आहे अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मग एकदा तलाठी म्हणाला की मी राहायला आलो त्याच आठवड्यात ग्रेडरसाहेब येऊन चौकशी करून गेले होते. माझ्या नावावर, वडलांच्या नावावर, सासऱ्याच्या नावावर कुठंच सात-बारा नाही याची खात्री झाल्यावर मैत्री सुरू झाली होती.

अशी सात वर्षं गेल्यावर एका रविवारी नरहरराव वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. औरंगाबादच्या एका संस्थेनं व्यवसाय व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला होता. खास नोकरी करणाऱ्यांसाठी, अर्धवेळ, तीन वर्षांचा, वर्ग शनिवारी आणि रविवारी.

"फॉर्म मागवलाय. इंग्रजीत हाय. भरून द्या."

"कुणाचा?"

"माझा."

"अहो, तुम्ही शेहेचाळीसचे. हे करून काय होणार? बढती?"

"न्हाई."

"बदली?"

"न्हाई."

"मग?"

"तुमी फॉर्म भरा, सर. खामखा चौकशा करू नका."

भिंतीपलीकडून वहिनी म्हणाल्या, "लेकीला लेकरू झालं, अन् आजोबा चालले शाळंला!"

पहिलाच प्रश्न होता, पदवी कोणत्या विद्यापीठाची? नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाचं नाव उच्चारलं तरी चहाच्या हॉटेलात माना वळत आणि बोलणारा कुठल्या बाजूचा ते ठरे. मी पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "नाव बदलायलाच पायजे. मी चारचौघांत सांगितलंय. पर माझ्या पदवीवर जे छापलंय ते लिहा. मागचा दर्जा मागून बदलता येत न्हाई."

दुसरा रकाना गुणदोषांचा. गुणाखाली त्यांनी सांगितलं, "नजर." दोषांसाठी खिशातून कागद काढला. तेरा दोष होते, नंबर घालून. तिसरा होता 'घोरणे' आणि नववा 'व्याह्यांशी नीट बोलत नाही'. मी म्हटलं, नरहरराव, असल्या फॉर्मात दोष दोनच लिहितात, आणि तेही असे की वाचणाऱ्याला गुण वाटावेत. मी फार कष्ट करतो, मला विश्रांती सोसत नाही, असे.

"म्हंजी अकरा दोष खाली दाबून वर पांढरं पसरायचं?" ते म्हणाले. "हेच करणाऱ्यांना मी अठरा साल पकडायलोय, सर."

तेरा दोष तेराच्या तेरा गेले. मी पुरवणी जोडली.

मग निबंध. हा अभ्यासक्रम आपल्याला का करायचा आहे, तीनशे शब्दांत. हे माझं क्षेत्र होतं. दोन संध्याकाळी बसून मी असं इंग्रजी लिहिलं की वाचून मलाच नरहररावांबद्दल आदर वाटू लागला. नेतृत्व, गतिमान जग, ग्रामीण भारताची उभारी, सगळं घातलं. मी वाचत गेलो आणि मराठीत अर्थ सांगत गेलो. त्यांनी कागद घेतला, चिमटीत धरला, खिडकीपाशी नेला.

"पत्ती," म्हणाले.

मग विशेषणं काढायला बसलो. विशेषणं गेल्यावर नेतृत्व उभं राहीना, म्हणून ते गेलं. ग्रामीण भारताला मी कधी उभारी दिली, असं विचारून त्यांनी तेही काढलं. शेवटी तीनशे शब्दांचे नऊ उरले: 'मला शिकायचं आहे. मला शनिवारी आणि रविवारी येता येईल.' मला शेवटपर्यंत खरं कारण मात्र त्यांनी सांगितलं नाही.

कचेरीचं ना हरकत प्रमाणपत्र मिळायला लोकांना महिने लागतात. यांना अर्ध्या तासात मिळालं. हंगामात शनिवारी ग्रेडर केंद्रावर नसणार, बदली माणूस असणार, ही बातमी इतक्या लोकांना आवडली की शिपायानं स्वतः धावत जाऊन शिक्का आणला.

सगळं झालं आणि गाडी अडली ती शेवटच्या पानावर. दोन शिफारसपत्रं हवी होती. अट अशी की लिहिणारे नात्यातले नसावेत आणि अर्जदाराला निदान पाच वर्षं ओळखत असावेत. एक मी. दुसरा?

नरहररावांनी त्यात तिसरी अट स्वतःची घातली. दुसऱ्याकडे कापूस नसावा.

"शिफारस म्हंजी चहापेक्षा मोठी गोष्ट," ते म्हणाले.

आम्ही यादी करायला बसलो. हेडमास्तरांचा कापूस. वकिलांचा कापूस. पोस्टमास्तर, फौजदार आणि बँकेचे साहेब बिनकापसाचे होते, पण ही बदलीची माणसं, कुणाला तीन वर्षं, कुणाला दीड. पाच वर्षं ओळखणाऱ्यांकडे कापूस, आणि कापूस नाही ते कालपरवा आलेले. अख्ख्या तालुक्यात नरहररावांना दुसरा माणूस मिळेना. मुदतीला सहा दिवस राहिले, मग चार. ते रोज संध्याकाळी येत, यादी बघत आणि परत जात. मी एकदा म्हटलं, "सोडा ती तुमची अट, हेडमास्तर आनंदानं लिहितील." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. हा माणूस फॉर्म सोडून देईल पण अट सोडणार नाही, हे मला दिसत होतं. आणि फॉर्म सुटला तर काहीतरी मोठं सुटेल, हेही त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. ते काय, हे मात्र कळत नव्हतं.

तोड सुमनवहिनींनी काढली. "अहो, तो मुंजाजी? ज्यानं तुमच्या नावानं कापूस सोडला?"

मुंजाजी आबा हे येलदरीच्या वाटेवरच्या एका गावचे शेतकरी. पंधरा वर्षं दर हंगामाला त्यांचं आणि नरहररावांचं भांडण होई. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीला फेअर लागला तेव्हा त्यांनी भर केंद्रावर पागोटं जमिनीवर आपटून शपथ घेतली होती की ह्या माणसाच्या हाताखाली पुन्हा माझा कापूस जाणार नाही. तेव्हापासून ते फक्त ज्वारी आणि भुईमूग पेरत. म्हणजे सगळ्या अटींत बसणारा तालुक्यातला एकमेव माणूस हा नरहररावांचा सगळ्यात मोठा वैरी होता.

मुदतीच्या तीन दिवस आधी आम्ही एसटीनं त्यांच्या गावी गेलो. आबा लिंबाखाली बाजेवर बसून शेंगा फोडत होते. आम्हाला बघून शेंग हातात तशीच राहिली.

"का आलास? भुइमुगाला बी दर्जा लावायला?"

नरहररावांनी नमस्कार केला आणि सगळं उभ्यानं सांगितलं. अभ्यासक्रम, फॉर्म, शिफारस, तीन अटी. आबा ऐकत होते.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "मी तुला सर्टिफिकेट द्यायचं?"

"व्हय."

"चांगलं का वाईट?"

"जे असंल ते."

आबा एकदम हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मग घराकडे तोंड करून ओरडले, "या गं समद्या भाईर! ग्रेडर दारात आलाय, म्हनतो मला दर्जा लावा!"

म्हातारी आली, सुना आल्या, शेजारपाजारचे आले. आबा बाजेवरून उतरले. त्यांनी नरहररावांची बाही चिमटीत धरली, चोळली, उजेडाकडे ओढली. मग त्यांना गोल फिरवून मागून पाहिलं. केसांपाशी नजर थांबली. "हितं वेचणी नीट झाली न्हाई," ते म्हणाले, आणि सुना पदर तोंडाला लावून आत पळाल्या. नरहरराव हात सरळ खाली सोडून उभे होते, जणू हा सगळा नियमाचाच भाग आहे.

"लिहा मास्तर," आबा मला म्हणाले. "ह्यो मानूस वाईट हाय."

मी लिहिलं.

"अठरा साल वळखतो. ह्याला तोंड न्हाई, मन न्हाई. बैल दोन रोज उपाशी हुते रांगेत, तरी ह्याला दया न्हाई. लिवलं?"

"लिहिलं."

आबांनी एक शेंग फोडली. दाणे तळहातावर घेतले, पण खाल्ले नाहीत.

"अन् हे बी लिवा. त्या साली माझ्या गाडीत वर समदा पांढरा माल हुता. अन् खाली पान्याचा हुता. म्या मारलं हुतं पानी, वजनाला. तिथले समदे वरवर बघायचे. खाली हात घालनारा ह्यो एकला."

म्हातारीनं आबांकडे पाहिलं. तिलाही हे आज कळत होतं.

"आबा, हे लिहू?" मी विचारलं.

"लिव की. आता मी कुटं कापूस लावतो?" मग नरहररावांकडे न बघता म्हणाले, "दर्जा फेअर."

"बराबर लावला," नरहरराव म्हणाले.

आबांनी बराच वेळ घेऊन सही केली. लिहिणाऱ्याच्या हुद्द्याचा रकाना होता. तिथं मी 'प्रगतिशील शेतकरी' असं लिहिलं. नरहररावांनी पेन मागून घेतलं आणि पहिला शब्द खोडला.

फॉर्म वेळेत पोचला. मुलाखतीची तारीख बंदमुळे एकदा पुढे गेली, मग नवी आली. मलाही बोर्डाचे पेपर पोचवायला औरंगाबादला जायचं होतं, म्हणून बरोबर गेलो. टाय लावलेले तीन प्राध्यापक आत बसले होते. उकाड्यामुळे दार उघडं होतं आणि मी बाहेर बाकावर नरहररावांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो.

"तुमच्या एका शिफारसपत्रात तुम्ही वाईट माणूस आहात असं म्हटलंय," मधले प्राध्यापक मराठीत म्हणाले. बहुधा इंग्रजीत विचारायचा त्यांना धीर झाला नसावा.

"व्हय साहेब. नीट बघून लिहिलंय ते."

"आणि दुसऱ्यात तुम्ही अत्यंत सज्जन आहात."

"ते शेजाऱ्यानं लिहिलंय. त्यात पत्ती हाय."

आत कुणीतरी हसलं. बाहेर मी पिशवीचे बंद सारखे केले.

"शेहेचाळीसाव्या वर्षी हा अभ्यासक्रम का करायचाय तुम्हाला? निबंधात काही नाही. नऊच शब्द आहेत."

उत्तर आम्ही एसटीत पाठ केलं होतं. नरहररावांनी सुरुवातही केली, "आधुनिक व्यवस्थापनाच्या..." आणि थांबले. पंखा फिरत होता. मला वाटलं, विसरले.

"साहेब, जाहिरातीत लिहिलं होतं, वर्गात तीस जण. सगळे नोकरीवाले. कारखान्यातले, बँकेतले, इथलेच. तीस जण म्हंजी लय झाले. त्यातल्या कुणाचाच कापूस नसंल. असला तरी माझ्या केंद्रावर येणार न्हाई."

"मग?"

"मग बसता येईल त्यांच्याजवळ. बाकावर."

मला पुढचा प्रश्न ऐकू आला नाही. विचारला होता की नाही, तेही सांगता येणार नाही. सात वर्षं मी या माणसाचे किस्से शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगत होतो, आणि मारुतीचा किस्सा तर विशेष गाजला होता. त्या बाकावर बसून मला तो आठवला आणि प्रथमच त्यात हसण्यासारखं काही सापडेना.

प्रवेशाचं पत्र दहा दिवसांनी आलं. वहिनींनी पेढे वाटले. पेढे गावातल्या दुकानातले होते, पण दुकानदाराच्या भावाचा कापूस होता, म्हणून विकत घेतले तरी नरहररावांनी एकही खाल्ला नाही. पहिल्या शनिवारी ते पहाटेच्या गाडीनं गेले आणि सोमवारी सकाळी परत आले. मी दारातच गाठलं.

"काय शिकवलं?"

"मागणी, पुरवठा. आपल्याला ठावं हाय सगळं." पिशवी खाली ठेवून ते म्हणाले, "सर, लोक बेशिस्त हायत तिथले. एक हाय, कुठल्याशा कारखान्यात इंजिनिअर. पंचविशीतला असंल. मधल्या सुट्टीत मला काका म्हणाला, अन् न विचारता माझा डबा उघडून धपाटं घेतलं. त्याचं बघून दुसऱ्यानं घेतलं. मग एक बाई, बँकेतल्या. मला एक बी उरलं न्हाई."

अशी तक्रार करताना इतका फुललेला चेहरा मी कुणाचा पाहिलेला नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी वह्या तपासत बसलो होतो. भिंतीपलीकडे स्टोव्ह पेटला होता, पीठ मळणं चालू होतं. मग वहिनींचा आवाज आला, "अहो, एका माणसाला चाळीस धपाटे?"

नरहरराव हळू आवाजात काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. थापण्याचा आवाज मात्र माझ्या सगळ्या वह्या संपेपर्यंत येत राहिला.